नाव नसलेली नवरी

या कार्यक्रमात आपण एरवी बचत, कर्जफेड, आरोग्य, मुलींचं शिक्षण यांविषयी बोलतो. आज जरा लांबच्या गावाला जाऊ या. गाव इटलीतलं रोम, साल 1632. तिथल्या एका मोठ्या वाड्यात एक गाण्याचं नाटक झालं. त्याचं नाव ‘इल सान्त आलेस्सिओ’, म्हणजे ‘संत आलेस्सिओ’. तिकडचा ‘सान्त’ आणि आपला ‘संत’ ऐकायला सारखे, अर्थानंही सारखे. मूळ मात्र दोघांचं वेगळं. हे नाटक 2007 साली फ्रान्समध्ये नव्यानं उभं राहिलं आणि त्याचं चित्रीकरण झालं. त्यामुळं जवळपास चारशे वर्षांपूर्वीचं नाटक आज आपल्याला पडद्यावर बघता येतं.

आपण हे का बघायचं, असं तुम्ही विचाराल. नाटकाचा नायक लग्नाच्या रात्री बायकोला सोडून निघून जातो. तो पुढं संत होतो. आणि ती? नवरा निघून गेलेली एखादी तरी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे. अशा बाईचं दुःख एका जुन्या, परक्या नाटकानं कसं मांडलं, आणि मांडता मांडता काय झाकलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

सगळं गाण्यातच

या प्रकारच्या नाटकाला ऑपेरा म्हणतात. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मध्ये मध्ये पदं गातात. ऑपेरात तसं नाही. ‘दार उघड’ एवढंच सांगायचं असलं तरी ते गाऊनच सांगायचं. सन 1600 च्या सुमारास इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात हा प्रकार सुरू झाला. म्हणजे आपलं हे नाटक झालं तेव्हा ऑपेरा जेमतेम तीस वर्षांचा होता.

या सुरुवातीच्या नाटकांत बरंचसं गाणं बोलण्याच्या चालीनं जातं. कीर्तनकार बुवा आख्यान सांगता सांगता सुरात शिरतात आणि सुरातून पुन्हा बोलण्यावर येतात, ते आठवा. साथीला दोन-चारच वाद्यं असतात. त्यात थिओर्बो नावाचं एक वाद्य आहे. त्याची मान इतकी लांब की पहिल्यांदा बघताना तंबोराच आठवतो. पण हे बोटांनी सूर बदलत वाजवतात. पात्राचं मन फारच भरून आलं की मग बोलण्याची चाल सुटते आणि खरं गाणं सुरू होतं. एवढं लक्षात ठेवलं तर भाषा कळली नाही तरी पात्राच्या मनात कधी काय चाललंय ते कळतं.

संगीत रचलं स्तेफानो लांदी यांनी. ते रोमचेच. शब्द लिहिले जूलियो रोस्पिलिओसी यांनी. हे लेखक धर्मपीठातले होते आणि पुढं 1667 साली स्वतः पोप झाले, म्हणजे ख्रिस्ती कॅथलिक धर्माचे सर्वोच्च गुरू. नाटक झालं तो वाडाही बार्बेरिनी घराण्याचा, म्हणजे तेव्हाचे पोप आठवे अर्बन यांच्या घराण्याचा. लिहिणारा, खर्च करणारा आणि पुढच्या रांगेत बसून बघणारा, सगळे धर्मपीठाशी जोडलेले. हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

जिन्याखालचा माणूस

आता गोष्ट ऐका. रोममध्ये एउफेमिआनो नावाचा श्रीमंत सरदार होता. आलेस्सिओ त्याचा मुलगा. देवाच्या ओढीनं हा मुलगा लग्नाच्या रात्री घर सोडतो. जुनी कथा सांगते की 17 वर्षं तो परमुलखात भीक मागत राहिला. मग परत रोमला आला आणि वडिलांच्याच वाड्यात, जिन्याखाली, अनोळखी भिकारी म्हणून राहू लागला. तेही 17 वर्षं. अंगाची रया गेलेली, अंगावर चिंध्या. कुणीच ओळखलं नाही. रोममध्ये या संताच्या नावाचं एक चर्च आहे आणि त्या जिन्याचे म्हणून मानलेले लाकडी अवशेष तिथं आजही जपून ठेवले आहेत.

नाटक सुरू होतं तेव्हा आलेस्सिओ जिन्याखालीच आहे. वर वाड्यात वडील, आई आणि बायको त्याच्या नावानं झुरतायत. त्यांचं रडणं त्याला खाली ऐकू येतं. घरातले दोन हुजरे, मार्त्सिओ आणि कुर्त्सिओ, या भिकाऱ्याची टवाळी करतात. हे दोघे विनोदी आहेत. एका प्रवेशात सैतान मार्त्सिओच्या हाती लागतो आणि अस्वल होऊन निसटतो. एवढ्या गंभीर गोष्टीत लोकांनी हसावं म्हणून ही सोय. आपल्या तमाशात सोंगाड्या असतो, तशीच.

बायको काय करते? ती नुसती रडत बसत नाही. यात्रेकरूचा वेश घालून ती नवऱ्याला शोधायला निघते. सासूही म्हणते, मी तुझ्याबरोबर येते. दोघी उंबऱ्यापर्यंत येतात. तिथं त्यांना अडवतो कोण? जिन्याखालचा भिकारी. तो त्यांना परोपरीनं समजावतो, जाऊ नका. ज्याला शोधायला निघाल्या, तोच समोर उभा राहून ‘घरीच थांबा’ म्हणतो, आणि त्या दोघींना ते माहीत नाही.

शेवटी आलेस्सिओ जिन्याखालीच मरतो. त्याच्या हातात एक कागद सापडतो. तो वाचल्यावर कळतं की हा आपलाच. मग वडील, आई आणि बायको तिघं मिळून विलाप करतात. त्यानंतर देवदूत गातात, धर्म नावाचं पात्र येऊन सांगतं की आनंद करा, तुमच्या घरात संत झाला. वर स्वर्गात जल्लोष, खाली घरात आक्रोश, आणि नाटक संपतं.

सैतानाच्या तोंडी घातलेलं बोलणं

आता जरा थांबून विचार करू. त्या दोघींना उंबऱ्यावर अडवल्यानंतर आलेस्सिओचं मन डळमळतं. सांगून टाकू का? यांचं दुःख माझ्या एका शब्दानं संपेल. तेवढ्यात एक साधू येतो आणि म्हणतो, सांग, बायकोकडे परत जा. हा साधू म्हणजे वेश पालटलेला सैतान! मग देवदूत येऊन आलेस्सिओला सावध करतो आणि तुझं मरण जवळ आलं आहे असं सांगतो. आलेस्सिओ त्या मरणाचं गाणं गाऊन स्वागत करतो. नाटकातल्या सगळ्यात गोड गाण्यांपैकी ते एक आहे.

‘बायकोला खरं सांग,’ हे आपण कुणीही म्हटलं असतं. लेखकानं ते सैतानाच्या तोंडी घातलं. का? तर संसाराची ओढ हा मोह आणि मोहावर मात करणारा तो संत, ही त्यांची शिकवण होती. धर्मपीठाच्या माणसानं, धर्मपीठाच्या वाड्यासाठी लिहिलेल्या नाटकात दुसरं काय येणार? पण यात बायकोचं दुःख हे नवऱ्याच्या परीक्षेचं साधन होऊन बसतं. ती जितकी जास्त रडेल तितका तो मोठा संत.

आपल्याकडंही घर सोडून गेलेल्यांच्या कथा आहेत. ज्ञानेश्वर माउलींचे वडील विठ्ठलपंत रुक्मिणीबाईंना मागं ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पण त्या कथेत पुढं गुरूंना खरं कळतं आणि ते म्हणतात, घरी जा, संसार कर. त्या घरानंही पुढं फार सोसलं, ते आपल्याला माहीत आहे. पण फरक बघा. एका कथेत ‘बायकोकडे परत जा’ असं गुरू सांगतात, दुसऱ्या कथेत तेच सैतान सांगतो. वाक्य एकच, ते कुणाच्या तोंडी आहे, त्यावरून बाईच्या दुःखाला किती वजन द्यायचं ते ठरतं.

तरी संगीतकाराला दाद द्यायला हवी. शब्द धर्माची बाजू घेतात, पण संगीत त्या बायकांना घाईनं गप्प बसवत नाही. शेवटच्या विलापात तिघांचे सूर एकमेकांत अडकतात, ओढले जातात, सुटता सुटत नाहीत. देवदूत येऊन ‘आनंद करा’ म्हणेपर्यंत आपल्या मनात त्या विलापानं घर केलेलं असतं.

बाईचा आवाज, पुरुषाचा गळा

चित्रीकरण बघताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. बायको, आई, दाई ही पात्रं बायकांची. पण गाणारे सगळे पुरुष. संपूर्ण रंगमंचावर एकही बाई नाही.

कारण त्या काळी रोममध्ये बायकांना रंगमंचावर यायला बंदी होती. मग बायकांचं काम करणार कोण? त्यासाठी तिकडं एक क्रूर रीत होती. गोड गळ्याच्या लहान मुलांवर, वयात यायच्या आधी, शस्त्रक्रिया करून त्यांचं पुरुषपण खुडून टाकायचे. मग त्यांचा आवाज फुटत नसे. गळा मुलाचा आणि छातीचा भाता मोठ्या माणसाचा. अशा गायकांना कास्त्रातो म्हणत. त्यांतली कितीतरी मुलं गरीब घरांतली असत. ही शस्त्रक्रिया उघडपणे निषिद्ध होती, तरी पोपच्या प्रार्थनामंदिरात असे गायक शेकडो वर्षं गात होते. त्यांतले शेवटचे आलेस्सांद्रो मोरेस्की 1922 साली वारले. त्यांचा आवाज 1902 आणि 1904 साली ध्वनिमुद्रित झाला, म्हणून तो आजही ऐकता येतो. बाईला रंगमंचावर येऊ द्यायचं नाही, म्हणून मुलग्याच्या देहाची किंमत द्यायची. एका बंदीची झळ दोघांनाही.

आता ती रीत गेली. 2007 च्या प्रयोगात गाणाऱ्यांना काउंटरटेनर म्हणतात. हे साधे, धडधाकट पुरुष. आपल्या गळ्यात दोन स्वरतंतू असतात. नेहमी बोलताना ते पूर्ण जाडीनं थरथरतात. सरावानं फक्त त्यांच्या कडाच थरथरवल्या तर आवाज उंच आणि पातळ येतो. हे गायक वर्षानुवर्षं तोच सराव करतात. या प्रयोगात असे आठ गायक आहेत. आलेस्सिओचं काम फ्रान्सच्या फिलिप झारुस्की यांनी केलंय, बायकोचं माक्स एमानुएल चेंचिच यांनी आणि आईचं शाव्हिएर सबाता यांनी.

आपल्याला हे फार नवं वाटायला नको. आपल्या संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी शालू नेसून बायकांच्या भूमिका केल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. कोकणातल्या दशावतारात आजही बाईचं सोंग पुरुषच काढतात. कलेला नावं ठेवायचं कारण नाही. चेंचिच यांचा विलाप ऐकताना, हा पुरुष आहे हे आम्ही काही वेळानं विसरूनच गेलो. पण बालगंधर्वांच्या काळी घरंदाज बायकांना रंगमंचावर यायची सोय नव्हती, हेही विसरायला नको.

आणि त्याच इटलीत, याच्या सात वर्षं आधी, 1625 साली फ्लोरेन्समध्ये एका बाईनं रचलेला ऑपेरा सादर झाला होता. तिचं नाव फ्रान्चेस्का काच्चिनी. बाईनं रचलेला, आज उपलब्ध असलेला सगळ्यात जुना ऑपेरा तोच मानतात. तो पोलंडच्या राजपुत्राच्या स्वागतासाठी झाला होता. पुढं 1634 साली ‘सान्त आलेस्सिओ’चा सुधारून केलेला प्रयोग झाला, तोही पोलंडच्याच राजपुत्रासाठी, पहिल्याच्या सावत्र भावासाठी. एका भावानं बाईनं रचलेलं संगीत ऐकलं; दुसऱ्यानं ज्या नाटकात बाईला बाईचंही काम करता येत नव्हतं, ते बघितलं. तेव्हा ‘तो काळच तसा होता’ असं म्हणून सोडून देता येत नाही. काळ एकच होता; एका दरबारानं दार उघडलं, दुसऱ्यानं बंद ठेवलं.

मेणबत्त्यांच्या उजेडात

चित्रीकरण कसं केलं तेही सांगतो. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी भागात काँ नावाचं शहर आहे. तिथल्या नाट्यगृहात हा प्रयोग झाला. संगीताची धुरा विल्यम क्रिस्टी यांच्याकडे होती. त्यांनी 1979 साली जुनं संगीत जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारा एक संच उभा केला, तोच संच इथं आहे. दिग्दर्शन बेंजामिन लझार यांचं. देवदूतांच्या गाण्यासाठी काँ शहरातल्याच गायकवृंदातली मुलं घेतली आहेत.

दिग्दर्शकानं ठरवलं की 1632 मध्ये विजेचे दिवे नव्हते, तर आपणही मेणबत्त्याच लावू. म्हणून सगळा रंगमंच मेणबत्त्यांनी उजळलेला आहे. त्यामुळं नाटकाची पद्धतच बदलते. मेणबत्तीचा उजेड लांब पोचत नाही, म्हणून गायक पुढं, ज्योतींजवळ येऊन उभे राहतात. एकमेकांकडे न बघता आपल्याकडे बघून गातात. चेहऱ्याला पांढरा रंग लावतात, म्हणजे अंधारातही चेहरा दिसावा. कपड्यांवरची जर हलली की चमकते. हातांच्या खुणा ठरलेल्या आहेत: दुःखाची वेगळी, विनवणीची वेगळी. वीज येण्याआधी आपल्याकडंही दशावतार आणि तमाशे पलित्यांच्या उजेडात चालायचे, त्यामुळं हा कमी उजेडाचा खेळ आपल्याला लवकर उमगतो. सुरुवातीला सगळं संथ वाटेल. दहा-पंधरा मिनिटं धीर धरा, डोळे आणि कान दोन्ही सरावतात.

नावाची गोष्ट

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या नाटकातल्या पात्रांची यादी बघा. नवऱ्याला नाव आहे, आलेस्सिओ. सासऱ्याला नाव आहे, एउफेमिआनो. टवाळ हुजऱ्यांनाही नावं आहेत. सासूचं नाव काय? ‘माद्रे’, म्हणजे आई. दाईचं? ‘नुत्रिचे’, म्हणजे दूध पाजणारी. आणि बायकोचं? ‘स्पोझा’. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ बायको, तसाच नवरी. इतकी वर्षं वाट बघूनही ती यादीत नवरीच राहिली. रडली, शोधायला निघाली, शेवटच्या विलापात गायली. पण तिला नाव मिळालं नाही.

आमच्या गटांत हे चित्रीकरण आम्ही तीन बैठकांत मिळून पाहिलं. ही यादी सांगितल्यावर एक मोठ्या वयाची सदस्य म्हणाली, “आमचंबी तसंच. अमक्याची बायको, तमक्याची आई. बँकेत सही करायला लागले तवा माझं नाव मीच पहिल्यांदा लिहिलं.” नवरा निघून गेलेल्या बाईचं तर आणखी अवघड. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, लोक विचार करतात. अर्जावर पतीचं नाव लिहायचं, आणि पती कुठं आहे ते माहीत नाही. ना सवाष्ण, ना विधवा. जिन्याखाली आलेस्सिओ राहत होता असं नाटक म्हणतं, पण अधांतरी खरी ती राहिली. आपल्या कायद्यात, ज्याची खबर कळायला हवी अशा माणसांना सात वर्षं त्याची काहीच खबर नसली, तर तो हयात नाही असं कोर्ट धरू शकतं. ज्या बाईवर ही वेळ आली असेल तिनं एकटीनं झुरत बसू नये. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं जावं. बाईला तिथं वकिलाची मदत मोफत मिळते.

नावाच्या बाबतीत थोडं बदललंही आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारनं बंधनकारक केलं आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. गटाच्या वहीत, पासबुकावर आपलं नाव येतं. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर येण्यासाठी अजून पुष्कळ धडपड करायची आहे. नाव लागलं म्हणून दुःख संपत नाही. पण दुःख कुणाचं आहे, एवढं तरी त्यानं कळतं.

गटात बघायचं असेल तर

पूर्ण चित्रीकरण अडीच तासांच्या आसपास आहे. नाटक तीन अंकी आहे, तेव्हा एका बैठकीला एक अंक बघा. गाणं इटालियनमध्ये आहे. खाली इंग्रजी अक्षरं येतात. शिकणाऱ्या मुलींना ती वाचून सांगायला बसवा. अंक सुरू व्हायच्या आधी त्यातली गोष्ट कुणीतरी आपल्या बोलीत सांगावी.

बघून झाल्यावर तीन प्रश्नांवर बोला. उंबऱ्यावर आलेल्या त्या दोघी भिकाऱ्याचं न ऐकता निघाल्या असत्या तर? आलेस्सिओनं खरं सांगितलं असतं तर तो कमी मोठा ठरला असता का? आणि त्या नवरीला नाव द्यायचं झालं तर तुम्ही कोणतं द्याल?

आमच्या गटात तिसऱ्या प्रश्नाला सात-आठ नावं आली आणि त्यांवर भांडणही झालं. तुमच्या गटात कोणतं नाव ठरतं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.